वन्य जीव छायाचित्रण, गवताळ प्रदेशांतील

मुक्त अवस्थेत व आपल्या नैसर्गिक अधिवासात वावरणाऱ्या प्राण्यापक्ष्यांची कॅमेऱ्याच्या साहाय्याने चित्रे घेण्याच्या तंत्रास व कलेस वन्य जीव छायाचित्रण म्हणतात. प्राणिसंग्रहालयातील, पाळलेल्या वा कोंडलेल्या प्राण्यांच्या चित्रांचा अंतर्भाव या संज्ञेत सामान्यतः केला जात नाही. अधिवासानुसार या छायाचित्रणाच्या पद्धती बदलतात. दाट अरण्यात प्राणी जवळ असूनही दिसत नाही. गवताळ प्रदेशात तो दुरून दिसतो, परंतु छायाचित्रकारही त्याला तितक्याच दुरून दिसतो. आडोशाचा अभाव, प्रखर प्रकाश, मोठी अंतरे व प्राण्यांचा वेग ही उघड्या प्रदेशातील छायाचित्रणाची चार मुख्य वैशिष्ट्ये होत.

पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील सॅव्हाना हे या छायाचित्रणाचे जगातील प्रमुख क्षेत्र असून त्याची अनेक तंत्रे तेथे विकसित झाली. महाराष्ट्रात उघडा गवताळ अधिवास दख्खनच्या व वऱ्हाडच्या माळरानांवर आढळतो. वाशिम जिल्ह्यातील कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य हे त्याचे एक ठळक उदाहरण होय. प्रस्तुत नोंदीत आफ्रिकेतील अनुभवांतून सिद्ध झालेल्या पद्धती, त्यांचा वऱ्हाडातील माळरानांवर होणारा उपयोग आणि छायाचित्रकारावर येणाऱ्या मर्यादा यांचा विचार केला आहे. [→ छायाचित्रण].

ऐतिहासिक आढावा : एकोणिसाव्या शतकातील कॅमेरे जड होते व काचपट्ट्यांवर चित्र उमटण्यास बराच वेळ लागे, त्यामुळे हलत्या प्राण्याचे चित्र घेणे जवळजवळ अशक्य होते. शतकाच्या अखेरीस अधिक संवेदनशील काचपट्ट्या व वेगवान शटर उपलब्ध झाल्यावर या छायाचित्रणास खरा प्रारंभ झाला. इंग्लंडमधील रिचर्ड कर्टन (१८६२–१९२८) व चेरी कर्टन (१८७१–१९४०) या बंधूंनी १८९२ मध्ये अंड्यांसह पक्ष्याच्या घरट्याचे छायाचित्र घेतले. पक्ष्यांजवळ जाता यावे म्हणून त्यांनी पुढे पेंढा भरलेल्या बैलाच्या पोकळ कातड्यात कॅमेऱ्यासह दडून बसण्याचाही प्रयोग केला. अमेरिकेत जॉर्ज शायरस (१८५९–१९४२) यांनी रात्री नावेतून फिरून कृत्रिम प्रकाशात हरणांची चित्रे घेतली. ती १९०६ मध्ये नॅशनल जिऑग्राफिक मासिकात प्रसिद्ध झाली.

आफ्रिकेत या कलेचा प्रवेश शिकारीच्या सोबतीने झाला. जर्मन निसर्गअभ्यासक कार्ल गेओर्ख शिलिंग्ज (१८६५–१९२१) यांनी तत्कालीन जर्मन पूर्व आफ्रिकेत पाणवठ्यांजवळ व भक्ष्याजवळ कॅमेरे मांडून मॅग्नेशियमच्या भुकटीच्या झोतात सिंह, तरस इ. निशाचर प्राण्यांची छायाचित्रे घेतली. १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाच्या नावातच प्रकाशाचा झोत व बंदूक यांचा एकत्र निर्देश आहे. चेरी कर्टन यांनी १९०९ मध्ये पूर्व आफ्रिकेत चलच्चित्रण केले. अमेरिकेतील मार्टिन जॉन्सन (१८८४–१९३७) व ओसा जॉन्सन (१८९४–१९५३) या दांपत्याने केन्यातील मार्साबिट पर्वतावरील सरोवराकाठी १९२४ ते १९२७ या काळात मुक्काम करून हत्ती, गेंडे इत्यादींचे चित्रण केले. १९३३-३४ च्या मोहिमेत त्यांनी विमानातूनही कळपांची चित्रे घेतली.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅमेऱ्याने बंदुकीची जागा हळूहळू घेतली. बेर्नहार्ट ग्झिमेक व त्यांचे पुत्र मिखाएल यांनी सेरेंगेटीतील प्राण्यांची विमानातून गणना करून त्यांच्या स्थलांतरावर चित्रपट तयार केला. चित्रीकरणाच्या काळातच, जानेवारी १९५९ मध्ये, विमानास गिधाड धडकून झालेल्या अपघातात मिखाएल यांचा मृत्यू झाला. या चित्रपटास माहितीपटासाठीचे ऑस्कर पारितोषिक मिळाले व सेरेंगेटीच्या संरक्षणाकडे जगाचे लक्ष वेधले गेले. केन्याने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातल्यानंतर तेथील ‘सफारी’ मुख्यत्वे कॅमेऱ्याची झाली. हा स्वाहिली शब्द अरबी ‘सफर’ या शब्दावरून आलेला असून मराठीतील ‘सफर’ हा शब्दही त्याच मुळाचा आहे.

भारतात या शाखेचा पाया फ्रेडरिक वॉल्टर चँपियन (१८९३–१९७०) या वनाधिकाऱ्याने घातला. संयुक्त प्रांतातील जंगलवाटांवर बारीक तार ताणून, तिला वाघाचा पाय लागताच झोत पेटावा व शटर उघडावे अशी योजना त्यांनी केली. तीमधून मिळालेली वाघांची चित्रे १९२५ मध्ये लंडनच्या सचित्र साप्ताहिकात व १९२७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्टे वेगळे असतात व त्यांवरून वाघ ओळखता येतो, हेही त्यांनी छायाचित्रांच्या आधारे दाखविले. ई. पी. जी, एम्. कृष्णन् व टी. एन्. ए. पेरुमाळ यांनी पुढे ही परंपरा समृद्ध केली. मुंबईत १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकानेही निसर्गविषयक छायाचित्रांना स्थान दिले. महाराष्ट्रातील छायाचित्रांना अलीकडे आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्यूझियमच्या वार्षिक स्पर्धेत २०१६ साली नयन खानोलकर यांच्या मुंबईतील वस्तीत शिरलेल्या बिबळ्याच्या चित्रास नागरी विभागाचे पारितोषिक मिळाले, तर २०२० साली ऐश्वर्या श्रीधर यांच्या भंडारदरा परिसरातील काजव्यांच्या चित्राची विशेष प्रशंसा झाली.

आफ्रिकेतील क्षेत्रे व प्रवास : टांझानियातील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान (१४,७६३ चौ. किमी.) व त्यास उत्तरेकडून लागून असलेले केन्यातील मसाई मारा राखीव क्षेत्र (सु. १,५०० चौ. किमी.) यांत मिळून एकच विशाल गवताळ परिसंस्था आहे. दहा लाखांहून अधिक नू (विल्डबीस्ट), तसेच झेब्रा व गॅझेल यांचे कळप पाऊस व कोवळे गवत यांच्या मागोमाग वर्षभर चक्राकार फिरत असतात. सामान्यतः जानेवारी ते मार्च या काळात ते सेरेंगेटीच्या दक्षिण भागात असतात व तेथे नूच्या पिल्लांचा जन्म होतो. जुलै ते ऑक्टोबर या काळात ते उत्तरेस मारा नदी ओलांडतात. नामिबियातील एटोशा उद्यानात विस्तीर्ण क्षारभूमीच्या कडेचे पाणवठे हे छायाचित्रणाचे मुख्य स्थान आहे. तेथे प्राण्यांचा पाठलाग करावा लागत नाही. कोरड्या ऋतूत प्राणीच पाण्यावर येतात. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर उद्यानात प्रवाशांना स्वतःचे वाहन घेऊन ठराविक रस्त्यांवरून फिरता येते. केन्यातील अँबोसेली उद्यान किलिमांजारो पर्वताच्या पार्श्वभूमीवर दिसणाऱ्या हत्तींच्या कळपांसाठी प्रसिद्ध आहे.

मुंबईहून नैरोबीस विमानाने सु. सहा तासांत पोहोचता येत असल्याने महाराष्ट्रातील छायाचित्रकारांचा ओढा पूर्व आफ्रिकेकडे अधिक आहे. या देशांतून परतताना पीतज्वराची लस टोचल्याचा दाखला जवळ असणे आवश्यक असते. लस टोचल्यावर दहा दिवसांनी हा दाखला वैध होतो. विषुववृत्ताजवळ असूनही मारा हा उंच पठारी भाग असल्यामुळे तेथील पहाट थंड असते. कोरड्या ऋतूतील बारीक धूळ ही कॅमेऱ्याची मोठी शत्रू होय. भिंगे उघड्यावर न बदलणे, वापर नसताना कॅमेरा ओलसर कापडाखाली झाकून ठेवणे व रोज रात्री मऊ कुंचल्याने धूळ झाडणे ही पथ्ये अनुभवी प्रवासी पाळतात.

ताडोबा वा मेळघाट येथील झाडीत वाघाच्या क्षणिक दर्शनाची सवय झालेल्या छायाचित्रकारास सॅव्हानात प्रथम विपुलतेची अडचण जाणवते. चौफेर शेकडो प्राणी असताना नेमके काय टिपावे, हे त्यास ठरविता येत नाही व पुष्कळ चित्रे घेऊनही हाती गर्दीखेरीज काही लागत नाही. एक कळप वा एक कुटुंब निवडून त्याच्याजवळ तासन् तास थांबणे हा यावरचा उपाय होय. कान मागे पडणे, माद्यांनी एका दिशेस तोंडे करून उभे राहणे, चरण्याचे एकाएकी थांबणे यांसारख्या खुणांवरून पुढील घटनेची चाहूल लागते. वर्तनाचे हे वाचन म्हणजेच आफ्रिकेच्या प्रवासातून मिळणारा सर्वांत टिकाऊ लाभ आहे. कारण तो परतल्यावर कोणत्याही माळावर उपयोगी पडतो.

वाशिम जिल्ह्यातील माळराने : अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. बेसाल्ट खडकाच्या या पठारी प्रदेशात सखल भागी काळी कसदार जमीन व उंचवट्यांवर मुरमाड उथळ जमीन आढळते. काळ्या जमिनीत सोयाबीन, तूर, कापूस व हरभरा ही पिके होतात. मुरमाड भागावर मोठी झाडे तुरळक असून मारवेल, पवन्या, कुसळी यांसारखी गवते वाढतात. हीच माळराने काळविटांचा अधिवास होत.

कारंजा तालुक्यातील कारंजा-सोहोळ अभयारण्याचे क्षेत्र सु. १८ चौ. किमी. म्हणजे सेरेंगेटी उद्यानाच्या सु. आठशेव्या भागाइतके आहे. काळवीट हा येथील मुख्य प्राणी. त्याशिवाय रोही (नीलगाय), रानडुक्कर, कोल्हा, खोकड, लांडगा, ससा व मोर हे प्राणी या भागात आढळतात. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर अकोला व वाशिम जिल्ह्यांत पसरलेले काटेपूर्णा अभयारण्य (स्थापना १९८८, सु. ७४ चौ. किमी.) चौशिंग्यासाठी ज्ञात आहे. तेथे झुडपी जंगल व जलाशय यांमुळे छायाचित्रणाची पद्धत वेगळी, म्हणजे आडोशाची व पाणवठ्याची असते. राज्यात इतरत्र रेहेकुरी (अहिल्यानगर जिल्हा) येथे काळविटांसाठी, मयूरेश्वर (पुणे जिल्हा) येथे चिंकाऱ्यांसाठी व नान्नज (सोलापूर जिल्हा) येथे माळढोकसाठी अभयारण्ये आहेत. [→ अभयारण्ये].

आफ्रिकेतील गॅझेल व भारतातील काळवीट हे जवळचे नातेवाईक आहेत. दोन्ही उघड्यावर राहतात, दृष्टीवर विसंबतात आणि संकट दिसताच वेगाने पळतात. काळविटाचा वेग ताशी सु. ८० किमी. पर्यंत जातो. मादी व तरुण नर पिवळसर तपकिरी असतात. प्रौढ नराची पाठ गर्द काळी, पोट पांढरे व शिंगे पिळदार असतात. प्रबळ नर आपले क्षेत्र राखतो, मान मागे टाकून व शिंगे पाठीवर टेकवून डौलाने चालतो व प्रतिस्पर्ध्याशी शिंगे अडकवून झुंजतो. बिचकलेल्या कळपातील हरिणी एकीमागून एक उंच उड्या घेतात. ही सर्व दृश्ये छायाचित्रकारास मोलाची वाटतात. परंतु अशा उड्या पुष्कळदा भीतीच्या निदर्शक असतात, हे विसरता कामा नये.

काळवीट व आफ्रिका यांचा महाराष्ट्राच्या इतिहासातही संबंध आला आहे. चित्ता पाळून त्याच्याकरवी काळविटांची शिकार करण्याचा खेळ संस्थानी काळात रूढ होता. भारतातील चित्ते दुर्मिळ झाल्यावर कोल्हापूर संस्थानाने या कामासाठी आफ्रिकेतून चित्ते आणविले होते. शिकारी चित्त्यास बैलगाडीतून कळपाजवळ नेत. कारण शेतात नित्य दिसणाऱ्या बैलगाडीला काळविटे फारशी बुजत नसत. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ व फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणण्यात आले. सॅव्हानातील चित्त्यासाठी भारतात जागा शोधताना गवताळ प्रदेशांची उणीव पुन्हा चर्चेत आली.

साधने व तंत्र : उघड्या प्रदेशात लांब केंद्रांतराचे भिंग अपरिहार्य असते. आफ्रिकेतील सरावलेल्या प्राण्यांसाठी ३०० ते ४०० मिमी. केंद्रांतर बऱ्याचदा पुरेसे होते. वऱ्हाडातील अधिक बुजऱ्या काळविटासाठी ५०० ते ६०० मिमी. भिंग लागते. जड भिंग हातात धरले असता कंपामुळे चित्र पुसट येते. म्हणून वाळू वा कडधान्य भरलेली कापडी उशी वाहनाच्या खिडकीवर ठेवून तीवर भिंग टेकवितात. ही उशी प्रवासात रिकामी नेता येते व मुक्कामी भरता येते. हातात धरलेल्या कॅमेऱ्यासाठी शटरचा काल भिंगाच्या केंद्रांतराच्या व्यस्त प्रमाणात ठेवावा, उदा., ५०० मिमी. साठी १/५०० सेकंद वा त्याहून कमी, असा स्थूल नियम आहे. धावत्या काळविटासाठी १/२,००० सेकंद इतका अल्प काल घ्यावा लागतो. फिल्मच्या काळात एका गुंडाळीत छत्तीस चित्रे मिळत व रंगीत फिल्मची संवेदनक्षमता कमी असल्याने पहाटेच्या अंधुक प्रकाशात वेगवान चित्रे घेता येत नसत. अंकीय कॅमेऱ्यांनी ही मर्यादा बरीच दूर केली. निःशब्द शटरमुळे आवाजाने प्राणी दचकण्याचा प्रश्नही कमी झाला आहे.

प्रौढ काळविटाचे चित्र घेताना प्रकाशमापनात विशेष काळजी घ्यावी लागते. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरी करड्या छटेचे आहे असे धरून मापन करतो. त्यामुळे चौकटीत काळी पाठ मोठी असल्यास चित्र अधिक उजळ होऊन पोटाचा पांढरा रंग फिका पडतो, तर वाळलेले उजळ गवत अधिक असल्यास काळी पाठ तपशिलाविना कोळशासारखी दिसते. पांढऱ्या भागाचा तपशील राखून प्रकाशाचे प्रमाण ठरविणे व सूर्य क्षितिजाजवळ असताना, आडव्या उन्हात चित्र घेणे हा त्यावरील उपाय होय. आफ्रिकेत झेब्र्याच्या बाबतीत हीच अडचण येते.

दुपारी तापलेल्या जमिनीवरील हवेच्या थरांची घनता असमान होते व त्यांतून येणारे प्रकाशकिरण सतत वाकतात. मृगजळ दिसण्यास कारणीभूत असलेली ही स्थिती दूरच्या प्राण्याचे चित्र लहरी व पुसट करते. भिंग कितीही उत्तम असले, तरी हा दोष टळत नाही. विदर्भातील उन्हाळ्यात तापमान पुष्कळदा ४० से. च्या वर जाते. म्हणून सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास व सूर्यास्तापूर्वीचा तास हेच कामाचे मानावेत. चित्र प्राण्याच्या डोळ्याच्या पातळीवरून घेतल्यास पार्श्वभूमी दूर जाते व प्राणी उठून दिसतो.

आफ्रिकेतील बहुतेक उद्यानांत वाहनातून उतरण्यास मनाई असते. तेथील प्राणी वाहनास सरावलेले असतात. परंतु पायी चालणाऱ्या मनुष्याची आकृती दिसताच ते पळतात. वऱ्हाडातही वाहन ठराविक वाटेवर उभे करून व त्यातील आवाज बंद करून थांबणे हे पायी पाठलाग करण्यापेक्षा अधिक फलदायी ठरते. चालावेच लागले, तर कळपाच्या दिशेने सरळ न जाता तिरकस व सावकाश जावे, वारंवार थांबावे आणि माद्यांनी माना वर करताच तेथेच बसावे. कळप पळाला, तर त्या दिवशी त्याच्या मागे पुन्हा जाऊ नये.

शास्त्रीय उपयोग : छायाचित्र हे मनोरंजनाप्रमाणेच पुराव्याचेही साधन आहे. चँपियन यांच्या तारेच्या योजनेचे आधुनिक रूप म्हणजे प्राण्याच्या उष्णतेने व हालचालीने आपोआप चालणारा कॅमेरा होय. सेरेंगेटीत २०१० पासून असे २२५ कॅमेरे बसवून प्राण्यांच्या वितरणाचा अभ्यास करण्यात आला व लक्षावधी चित्रांतील प्राणी ओळखण्याचे काम जगभरच्या स्वयंसेवकांनी केले. भारतातील २०१८-१९ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावून सु. ३ कोटी ४८ लक्ष चित्रे मिळविण्यात आली. त्यांपैकी ७६,६५१ चित्रे वाघांची होती. महाराष्ट्रात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाणावर बसून प्राण्यांची नोंद घेण्याची प्रथा आहे. स्वयंचलित कॅमेऱ्यांनी तिला पूरक माहिती मिळते.

माळरानांच्या बाबतीत अशा नोंदींचे महत्त्व विशेष आहे. झाडे नाहीत म्हणून माळ ओसाड, या समजुतीने गवताळ जमिनी शासकीय वर्गीकरणात पुष्कळदा पडीक ठरतात. मग त्यांवर वृक्षलागवड, नांगरट वा बांधकाम होते आणि गवतावर जगणारे जीव निराश्रित होतात. तणमोर हे याचे उदाहरण होय. पावसाळ्यात गवतातून वारंवार उंच उडी घेणारा हा पक्षी अकोला-वाशिम भागातील माळांवर आढळला आहे. २०२१ पासून त्याची गणना जगातील अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत होते. या भागातील फासेपारधी समाजास गवताळ प्रदेशातील प्राण्यापक्ष्यांचे पिढीजात ज्ञान आहे. ते ज्ञान शिकारीऐवजी संवर्धनाच्या कामी यावे, असा प्रयत्न कारंजा येथील संवेदना या संस्थेने केला आहे. अशा माळावरील तारीख व स्थळ यांसह जपलेले साधे छायाचित्रही तेथे जीवन असल्याचा पुरावा ठरते.

विधिनियम व आचार : वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यात छायाचित्रणासाठी प्रवेश करण्यास मुख्य वन्य जीव रक्षकाची परवानगी लागते. २०२२ च्या सुधारणेनुसार अधिवासात बदल न करता व वन्य जीवांवर अनिष्ट परिणाम न होऊ देता केलेल्या छायाचित्रणासच ती देता येते. पक्ष्यांची अंडी वा घरटी यांस उपद्रव देणे हे शिकारीच्या व्याख्येत मोडते. काळविटाचा समावेश या अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

कॅमेरा निरुपद्रवी असतो, ही समजूत आफ्रिकेतील अनुभवाने खोटी ठरविली आहे. चित्ता दिवसा शिकार करतो. त्यामुळे वाहनांच्या गर्दीचा त्रास त्यास अधिक होतो. मसाई मारा परिसरातील पाहणीवर आधारित व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पर्यटकांची वर्दळ जास्त असलेल्या भागात चित्त्याच्या एका वेतातील सरासरी ०.२१ पिल्ले, तर वर्दळ कमी असलेल्या भागात २.३२ पिल्ले स्वतंत्र होईपर्यंत जगल्याचे आढळले. म्हणजे छायाचित्रकार ज्या प्राण्याच्या प्रेमाने तेथे जातात, त्याच्याच संततीचा ऱ्हास त्यांच्या गर्दीने होऊ शकतो. एका प्राण्याभोवती थांबणाऱ्या वाहनांची संख्या मर्यादित ठेवण्याचा नियम तेथे यासाठीच करण्यात आला आहे. सेरेंगेटीसारख्या विशाल प्रदेशात हा परिणाम दिसत असेल, तर अठरा चौरस किलोमीटरच्या अभयारण्यात उपद्रव टाळून जाण्यास प्राण्यास जागाच उरत नाही. तेथून हुसकलेला कळप लगतच्या शेतांत शिरतो.

या शेतांचा प्रश्न छायाचित्रकाराने दृष्टीआड करू नये. काळवीट व रोही सोयाबीन, तूर व हरभरा यांचे कोवळे पीक खातात व शेतकऱ्यास रात्री जागल करावी लागते. पिकाच्या हानीबद्दल शासनाकडून भरपाईची तरतूद असली, तरी जागरणाचे श्रम तीत मोजले जात नाहीत. मसाई माराभोवतीच्या संवर्धनक्षेत्रांत पर्यटन व्यावसायिकांकडून मसाई जमीनधारकांना नियमित भाडे मिळते. त्यामुळे वन्य प्राणी टिकण्यात त्यांचे हित गुंतले आहे. वाशिमसारख्या जिल्ह्यात प्राण्यांचा भार शेतकरी वाहतो व चित्राचा आनंद पाहुणा घेतो. शेतात शिरण्यापूर्वी मालकाची संमती घेणे, उभ्या पिकातून न चालणे, स्थानिक माणसास वाटाड्या म्हणून योग्य मोबदला देणे व त्याच्या माहितीचे श्रेय त्यास देणे हे आचाराचे किमान नियम मानले पाहिजेत. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो. २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा त्याचा टप्पा व जून २०२५ मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला. प्राण्यांना ओलांडता यावे म्हणून त्यावर पूल व भुयारी मार्ग बांधण्यात आले असून त्यांचा वापर होतो किंवा कसे, हे जाणण्याचे प्रमुख साधनही स्वयंचलित कॅमेरा हेच आहे.

छायाचित्राची सत्यता हाही आचाराचाच भाग होय. वर उल्लेखिलेल्या लंडनच्या स्पर्धेत विजयी ठरलेले लांडग्याचे एक चित्र पाळीव प्राण्याचे असल्याच्या निष्कर्षावरून २०१० मध्ये व मुंगीखाऊ प्राण्याचे एक चित्र पेंढा भरलेल्या नमुन्याचे असल्याच्या निष्कर्षावरून २०१८ मध्ये बाद करण्यात आले. चित्रात नसलेला प्राणी घालणे वा असलेला पुसणे, आमिष ठेवणे, ध्वनिमुद्रित आवाजाने पक्षी बोलावणे व घरट्याभोवतीचे गवत कापणे हे सर्व वर्ज्य समजले जाते. दुर्मिळ पक्ष्याच्या विणीचे नेमके ठिकाण चित्रासोबत जाहीर न करण्याचा संकेतही रूढ झाला आहे.

सॅव्हानाला जगात मान मिळवून देण्यात छायाचित्रांचा मोठा वाटा आहे. वऱ्हाडातील माळाची अशी ओळख अद्याप घडावयाची आहे. ती घडविणाऱ्या चित्रात काळवीट पळताना दिसण्याची आवश्यकता नाही. छायाचित्रकार निघून गेल्यावरही कळप त्याच जागी चरत राहिला, तर ते चित्र योग्य रीतीने घेतले गेले, असे समजावे.